कानशिलावरचा बार

मी, सहदेव धोंडू परब, वय ६१, राहणार चारकोप. पोलीस शस्त्रागारातली नोकरी सोडून गेली चौदा वर्षे सिनेमावाल्यांना बंदुका पुरवतो. मंगळवारी पोटाचे ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे फक्त दिग्दर्शक म्हणतात, कारण सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरमधून हिरो अठरा झाडू लागला की मी मध्येच हात वर करतो.

१. चारकोपची खोली पत्नी शेवंती हिच्या हयातीत तिची. तिला कोणी बाहेर काढू नये. तिला न विचारता स्वयंपाकघरातले भांडेही हलवू नये.

२. परवान्याच्या चारही बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्यात. आठवण म्हणून कोणी एकही ठेवू नये.

३. काशीराम मेस्त्री, कॅमेऱ्यावरचा मदतनीस, याच्याविषयी. मुहूर्ताचा नारळ फुटला की हिरोने कॅमेऱ्याकडे बार काढायचा, अशी आमच्याकडे रीत. कोऱ्या काडतुसात गोळी नसते, म्हणून सगळे निर्धास्त. पण दारू असते, आणि तिच्या तोंडाशी पुठ्ठ्याची घट्ट चकती. ७९ साली त्या चकतीने काशीरामचा डावा डोळा गेला. तो स्वतःहून पुढे सरकला, असे मी लिहून दिले. ते खोटे आहे. तो जागचा हलला नव्हता, अंतर मीच मोजले नव्हते. हे कलम युनियनच्या कचेरीत सर्वांसमोर वाचावे. आठ वर्षे मला याची लाज वाटते आहे.

४. शेवंतीनंतर खोली मुलगा लवू याची, पण एका अटीवर. लवू हिरोचा डुप्लिकेट आहे. उद्या, सोमवारी, अंधेरीच्या स्टुडिओत व्हिलन त्याच्या कानशिलाला नळी टेकवून चाप ओढणार आहे. मी काडतुसे नाकारली, तर त्यांनी दुसरीकडून मागवली. दिग्दर्शक म्हणाला, "अरे परब, खाली तो है!" एवढ्या जवळून ती चकती हाडात शिरते. लवूला सांगितले तर म्हणतो, "बाबा, तुमका सगळ्यातच मरण दिसता." दिसते, कारण मी पाहिले आहे. त्याने हा शॉट दिला, तर खोलीवर त्याचा हक्क नाही. बापाने पोराला घराची धमकी द्यावी, ही वेळ यायला नको होती. पण दुसरे काही माझ्या हातात उरलेले नाही.

५. हे कलम सहीआधी जोडतो. आत्ता दुपारी चारला, साक्षीदार बसलेले असताना, लवू घरी आला. चौथे कलम मी त्याला वाचून दाखवले.

"शॉट आज सकाळीच झालो, बाबा," तो म्हणाला. "उद्या व्हिलनाची तारीख नाय. नळी जरा वाकडी धरूक सांगितलंय मी."

उजव्या कानापाशी त्याचे केस जळाले होते. शेवंती त्याच बाजूला उभी राहून विचारत होती, "लवू, जेवलंस काय रे?" तिने तीनदा विचारले. तो माझ्याकडेच बघून हसत राहिला.

चौथ्या कलमातली अट रद्द. खोली त्याची.

लिखाण माझेच. कोणी बसवून लिहवून घेतलेले नाही.

सही: सहदेव धोंडू परब

आमच्यासमोर सही केली:
१. अनंता रामनाथ कोळी, शेजारी
२. मृणालिनी मधुकर तावडे, शिक्षिका

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
रविवार, १५ मार्च १९८७