कृत्तिका किती दिसतात?

ती. अण्णांना नमस्कार.

मी खुशाल आहे, तेव्हा सावकाश वाचा. वेल्डिंगवरून मला गोदामात घेतलंय. बसून काम आहे.

झालं असं, परवा जेवणानंतर गच्चीत खोलीवरचा ड्रायव्हर कृत्तिका मोजून म्हणाला, "माझ्या सहा झाल्या. तुझ्या?" मी एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्याला नुसता पुसट डाग दिसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठले. काचबिंदू निघाला, पण वेळेत आलात म्हणाले. थेंब चालू आहेत. आईला मात्र बढती झाली एवढंच सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांचे डोळे कसे आहेत?" मी ठणठणीत म्हणालो. मग आठवलं, गेल्या सुट्टीत तुम्ही दोनदा चौकटीला खांदा आपटून घेतलात आणि सुताराला बोल लावलात.

म्हणून आज अंधार पडला की अंगणात जा. पूर्वेला मृगाचे तीन तारे ओळीत दिसतील. ती ओळ वर नेली की लालसर रोहिणी, तिच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. एकेक डोळा झाकून मोजा. आकडा ताईला लिहू द्या, तुम्ही वाढवून सांगाल.

आणि सहाच्या सहा दिसल्या, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच आहे. ताईला तसं वेगळं कळवलंय.

तुमचा,
धाकटा