जंगलाच्या पडद्यातली बाई

भाऊ, आपल्या परकोटाच्या, जुन्या तटालगतच्या गल्लीत आता संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या वेळी दिवेलागणीनंतर तिथं कोणी फिरकत नसे. आता दगडी भिंतीवर दिवे सोडलेत, आलूबोंडा-रश्श्यासाठी रांग लागते, चौकात एखाद्या गावची दंडार, नाचगाण्याचं लोकनाट्य, रंगलेली असते आणि जुन्या धान्याच्या गोदामात मोठं हॉटेल झालंय. नागपूरची माणसंही मुद्दाम येतात. मलाही तिथं जाऊन बसायला आवडतं. पण त्या हॉटेलाच्या भिंतीकडे बघताना मान खाली जाते, आणि का, ते तुम्हालाच सांगायला हवं.

पोंभुर्ण्याकडच्या गावातून बारावी करून मी तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा तुम्ही नाटकाचे पडदे रंगवायचात. राजवाडा, रस्ता, जंगल. मांजरपाट घरभर पसरलेला, आपण अनवाणी त्याच्यावर उभे, हातात काठीला बांधलेला ब्रश. रंगात घालायचा सरस पावसाळ्यात तुमच्या बायकोच्या, आमच्या बाईंच्याच चुलीवर शिजायचा आणि वरणाला त्याचा वास लागायचा. बाई ओरडायच्या, "तुमच्या नाटकवाल्याईले नेऊन घाला हे वरण!" तुम्ही मुकाट्यानं तेच वरण दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात. तुमच्या प्रत्येक जंगलात मोहाच्या झाडाखाली एक बाई बसलेली असायची, पाठमोरी, मान जराशी वळवून, पायातला काटा काढत. नाटकात तिचं काही काम नसे. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा मोहफुलं वेचाले गेलो, तवा हे अशीच बसली होती. मी पाहतच राह्यलो." आणि आत भांडी घासणाऱ्या बाईंकडे तुम्ही मानेनं खूण केलीत. पुढे एकदा तिचा पाय रंगवायला तुम्ही मला दिला. मी घाईत काढला. तुम्ही ओला रंग फडक्यानं पुसून टाकलात आणि मग म्हणालात, "पाय पाह्यला का कधी तिचा? न पाहता काऊन काढून राह्यली?" डोळ्यांत पाणी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. बाई भाजी चिरत बसल्या होत्या. मी त्यांचा पाय बघत राहिले, टाचेच्या भेगा, वाकडी करंगळी. त्यानंतर तो पाय जमला. मग छापील फ्लेक्स आले, तुमचं काम थांबलं, आणि दोन पावसाळ्यांनी तुम्हीही गेलात.

हॉटेलच्या मालकानं मला आतली मोठी भिंत रंगवायला दिली तेव्हा मी दुसरं काही काढूच शकले नाही. तोच मोह, तीच बाई, तोच पाय. उद्घाटनाच्या संध्याकाळी बाईंना मी स्वतः ऑटोनं घेऊन आले. नव्या पातळात त्या अवघडून बसल्या होत्या, समोर पाटोडी-रस्सा. एक मुलगी माईक घेऊन माझ्याकडे आली, मागे कॅमेरा. "मॅडम, ही बाई कोण?" भाऊ, बाई पाच हातांवर होत्या. एवढं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "लहानपणी आमच्या गावात पाहिलेली एक बाई. तेव्हापासून मनात होती." टाळ्या पडल्या. कॉलेजच्या पोरी भिंतीसमोर तशाच पाय धरून बसल्या आणि फोटो काढू लागल्या. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल. जेवताना म्हणाल्या, "पाटोडी चांगली झाली." परतताना ऑटोत, पुलाच्या अलीकडे म्हणाल्या, "कोणत्या गावची होय वं ते बाई?"

मी ऑटोवाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

आठ दिवस मी तुमच्या घराकडे गेले नाही. गेले तेव्हा दारातूनच म्हणाले, "बाई, मी भिंतीवर भाऊंचं नाव लिहिते." मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर रागावतील. त्या तांदूळ निवडत होत्या. "लिही ना," म्हणाल्या. "त्याईनं जिवंतपणी कुठी लिहिलं नाई, तू लिही. पण ते तं गेले, पोरी. मी जित्ती हाव. समोर बसली होती. मले काऊन नाई ओळखलं तू?" त्यांच्यासमोर बसून मीही तांदूळ निवडत राहिले. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या कोपऱ्यात तुमचं नाव लिहिलं, आणि बाईंचंही. मालकानं हरकत घेतली नाही. बाईंना ते दाखवायला न्यावं म्हणून तीनदा गेले. तिन्ही वेळा त्या "गुडघे दुखून राह्यले" म्हणाल्या. चहा मात्र दिला.

हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार नाही, बाईंनाही वाचून दाखवणार नाही. त्यांना सांगता येणार नाही असं एक उरलंय, तेवढं लिहिते. काल एक गृहस्थ भिंतीसमोर थांबले, मुलीला म्हणाले, "पाय बघ, काय काढलाय!" मी शेजारच्याच टेबलावर होते. कोपऱ्यातली अक्षरं बारीक आहेत, लोकांच्या लक्षात येत नाहीत, म्हणून हल्ली मी उठून सांगते की हे माझ्या गुरूंचं आहे. सांगते, भाऊ. पण लगेच नाही सांगत. आधी थोडा वेळ ते कौतुक ऐकून घेते.