बाराव्या ओव्हरीचा माणूस

वारंगा फाटा
दि. ४ नोव्हेंबर २००१

ती. करुणाताईस,
प्रेमानंदचा सप्रेम जय भीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे बरे आहेत. बाबांचा आवाज त्याहून बरा आहे, सगळ्या फाट्याला ऐकू जातो. कारण आमच्या क्लबचा सेवा राठोड.

तुला क्रिकेटचं काही कळत नाही, म्हणून मुळापासून सांगतो. आमच्या मॅचा बारा ओव्हरच्या. अकरा ओव्हर आमची पोरं कशाबशा टाकतात, बारावी सेवा टाकतो. एवढंच त्याचं काम. पण त्या सहा बॉलांत समोरच्याला पाच धावासुद्धा निघत नाहीत. बॉल बराबर पायाच्या अंगठ्यावर येऊन पडतो. यंदा जिंकलेल्या आठही मॅचा आम्ही शेवटच्या ओव्हरीत जिंकल्या. गेल्या साली क्लबनं त्याला एका वर्षाचा कागद करून दिला होता. जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट, एक जोड बूट, मॅचच्या दिवशी आपल्या घरी जेवण. डिसेंबरात वर्ष संपतं. आता तो तीन वर्षांचा कागद मागून राहिला, तोही स्टॅम्पपेपरावर, आणि त्यात 'नियुक्ती' हा शब्द पाहिजेच म्हणतो.

बाबांचं म्हणणं, सहा बॉल टाकणारा माणूस सहा भाकरी खातो, म्हणजे बॉलामागं एक भाकर पडली. मैदान त्यांच्या पडीक रानात, म्हणून आम्हाला त्यांनाच अध्यक्ष करावं लागलं. आई म्हणते, तिच्या हातची अंबाडीची भाजी मागून घेणारा हा एकच माणूस भेटला, त्याला तीस वर्षांचा कागद करा.

सेवाची जीप रोज तुझ्या दवाखान्यावरून जाते. तीन वर्षंच काहून, तेवढं काढ.

तुझा धाकटा,
प्रेमानंद


सेनगाव
दि. १३ नोव्हेंबर २००१

चि. प्रेमानंदास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र ड्युटीवर वाचलं आणि इतकी हसले की पेशंट माझीच नाडी बघायला लागले.

'नियुक्ती'चं कोडं सोपं आहे. तांड्यावरच्या गुलाबचंदभाऊंची संगिता सेवाला पसंत आहे आणि तिलाही तो. पण गुलाबचंदभाऊंनी विचारलं, पोरगं करतं काय? सेवा म्हणाला, जीप चालवतो. ते म्हणाले, जीप तर दुसऱ्याची. मग तो म्हणाला, वारंगा फाट्यावर बारावी ओव्हर टाकतो. त्यावर त्यांनी विचारलं की हे खातं सरकारी आहे का. आता कळलं ना स्टॅम्पपेपर कशाला?

आता माझा सल्ला. कागद कर, पण एका वर्षाचाच. तीन वर्षांचा करू नको. काहून ते विचारू नको, मी सांगणार न्हाई. आणि सरावात त्याला बॉलिंग देऊ नको.

आईला म्हणावं, गुडघ्यांना तेल रोज लाव, पाहुणा आल्यावरच न्हाई.

तुझी ताई,
करुणा


वारंगा फाटा
दि. २२ नोव्हेंबर २००१

ती. ताईस,
जय भीम. वि. वि.

राग आला आहे, तो आधी लिहितो. 'काहून ते विचारू नको' हा कसला सल्ला? सेनगावच्या टीमचा कॅप्टन विकास सेवाला पाच वर्षं कबूल करायला निघाला आहे, असं इथं सगळे बोलतात. कळमनुरीच्या कपाची फायनल १६ तारखेला आहे, तीही सेनगावशीच. आणि नेमकी तू म्हणतेस, एकच वर्ष. सहा वर्षं तिथलं पाणी पिऊन तू सेनगावची झालीस का, ताई? मी कमिटीत हे बोललो नाही, पण मनात आलं.

मी तीन वर्षांचा कागद टाईप करून आणला आहे. 'नियुक्ती' चार वेळा घातलं. २ तारखेच्या मीटिंगीत बाबा विरोधात बोलतील आणि बाकीचे सह्या करतील. आईनं निरोप दिलाय की तेल संपलं आहे.

प्रेमानंद


राठोड तांडा
दि. २८ नोव्हेंबर २००१

सिस्टरबाईंना सेवा राठोडचा जय सेवालाल.

तुमी खांद्याचं कुनाला सांगितलं न्हाई, तुमचे उपकार. डाक्टर बोलले ते ध्यानात आहे. सालभर बॉल टाकायचा न्हाई, न्हाईतर हात कायमचा जाईल. जीप चालवताना गियर टाकला तरी तकलीफ होते.

पन काल तुमचा भाऊ कागद घेऊन आला. स्वता वाचून दाखवला. लई खूश होता. तुमच्या आईनं माझ्यासाठी बांधून दिलेली भाजी पन दिली. आता मी सही केली तर संगिता घरात येते आन् क्लब बुडतो. न्हाई केली तर क्लब वाचतो आन् संगिता जाते. तुमी शिकलेल्या आहात, काय करू ते लिवा. पत्र येईस्तोवर दोन तारीख होऊन जाईल, हे बी मला कळतं. तरी लिवून राहिलो.

सेवा


वारंगा फाटा
दि. १८ डिसेंबर २००१

ती. करुणाताईस,
तुझ्या बिनडोक भावाचा साष्टांग जय भीम. वि. वि.

आता सगळं सांगतो. मीटिंगीत सेवानं पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं. उभा राहून त्यानं उजवा हात वर उचलला. तो कानापर्यंत गेला आणि अडकला. मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. खांदा, डॉक्टर, संगिता, आणि सिस्टरबाईंनी त्याचं गुपित राखलं हेही. ताई, मी खाली बघत बसलो.

दोन पोरं उठून शिव्या द्यायला लागली. बाबांनी त्यांना खाली बसवलं आणि एवढंच विचारलं, की सेनगावात हे कोणाला ठाऊक आहे का. सेवा म्हणाला, न्हाई. तेव्हा बाबा म्हणाले, कागदाचं मॅचनंतर बघू. मॅचला ये, बूट घाल, बाऊंड्रीपाशी उभा राहा, आणि कोणी खांद्याचं विचारलं तर खोटं बोलू नको. पण कोणी विचारणार न्हाई.

आणि कोणी विचारलंच नाही! सेनगावला चार ओव्हरीत चोवीस पाहिजे होते, सहा गडी हातात. मी देवाला मानत नाही, तरी त्याचं नाव घेतलं. एक बॉल सेवाकडे गेला, त्यानं डाव्या हातानं खालून फेकला. विकास बाहेरून ओरडला की पाहा, तो उजवा हात राखून ठेवून राहिला, बारावीच्या आत संपवा! मग काय, जो येतो तो डोळे मिटून बॅट फिरवतो. दोघांचे बॉल इतके उंच उडाले की बाबांनीही झेलले असते. अकराव्या ओव्हरीतच सगळे आऊट, सात धावा कमी! सेवानं एक बॉलही टाकला नाही.

गुलाबचंदभाऊ मॅच बघायला आले होते. त्यांनी सेवाला विचारलं, तू तर नुसता उभा होतास. सेवानं त्यांनाही खरं सांगितलं, की खांदा गेलाय, वर्षभर काम नाही. म्हातारा म्हणाला, आम्हाला त्यो खेळ कळत न्हाई, पण ज्याला खोटं बोलून पोरगी मिळत होती त्यानं खरं सांगितलं, त्याला काय म्हणून न्हाई म्हणू. लग्न फाल्गुनात आहे.

तीन वर्षांचा कागद सेवानंच नाकारला. एकच वर्ष, आणि त्यातही बॉलिंग नाही, पोरांना शिकवायचं. सगळ्यात आधी सही बाबांनी केली. तू सांगितलंस तेच झालं.

तुला सेनगावची म्हणालो, त्याची मला लाज वाटते. दवाखान्यातलं बाहेर न काढणारी बहीण माझी आहे, हे मी आता फाटाभर सांगत सुटलोय. आई म्हणते, एवढंही सांगू नको.

माझ्यावरचा राग गेला असेल तर पत्र टाक. गेला नसेल तर तो जायच्या आधीच टाक.

तुझा,
प्रेमानंद