लॅब आपोआप सुरू होणार

३ जून, सोमवार
कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला नवी मशीन आली. प्राचार्यांना स्पष्ट सांगितलं, एकेका मशीनपुढे पेनड्राइव्ह घेऊन बसायला मी हमाल नाही. कोपऱ्यात एक सर्व्हर ठेवणार. बाकीची मशीन चालू झाली की नेटवर्कवरून त्याच्याकडून सगळं ओढून घेतील. आपोआप इन्स्टॉल. मी चहा पिणार.
मोठा साडू तिथेच होता. तो कॉलेजच्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर, हेडक्लार्क. माझी नोकरी त्याच्या शब्दावर लागली, हे तो प्रत्येक लग्नात सांगतो. म्हणाला, पुढच्या गुरुवारी प्रॅक्टिकल परीक्षा आहे, जमेल ना? गळा दाबावासा वाटला. दाबला नाही. डॉक्टरांनी राग वर्ज्य सांगितलाय. हा महिना आवाजसुद्धा चढवायचा नाही.

५ जून
पहिलं मशीन चालू केलं. काळ्या स्क्रीनवर अक्षरं: सर्व्हर सापडत नाही. सर्व्हर हातभर अंतरावर! एक चापट मारली. मास्तरकीची चापट, हिंसा नव्हे. मॉनिटर टेबलामागे पडून फुटला. फरशीही फार कडक घातलीये.

६ जून
प्रत्येक मशीनला नेटवर्कवर एक पत्ता लागतो. तो वाटणं हे सर्व्हरचं काम. वाटत नाही. लाथ घातली. बहुतेक त्याला समजलं. माझा अंगठा काळानिळा.
बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, जिन्यात ठेचकाळलो. म्हणाली, अहो, तुमची लॅब तळमजल्यावर आहे ना?

८ जून, शनिवार
लॅबच्या सगळ्या वायरी ज्याला जोडतात तो स्विच लाल दिवा दाखवत होता. मुद्दाम. उपटून भिंतीवर आपटला. आता तो शांत आहे, मीही.
आवाज ऐकून साडू खाली आला आणि हसला. मी स्टूल फेकलं. त्याला लागावं असा हेतू नव्हता. लागलंही नाही, शिपायाला लागलं. शिपायाने तेच स्टूल परत फेकलं. कपाळाला टाके. संकल्प उद्यापासून.

१० जून, सोमवार
यश! लॅबच्या वायरी जिन्याखालच्या मोठ्या स्विचला जोडल्या. अख्ख्या कॉलेजचा आहे तो. सर्व्हरमधली चूकही सापडली. माझी नव्हती, टायपिंगची होती. एक मशीन उठलं, पत्ता घेतला, फाइल ओढू लागलं. डोळे भरून आले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.
मग सगळं ऑटोमॅटिक केलं. नेटवर्कवरून जो येईल त्याची डिस्क पुसायची, नवीन टाकायचं, एक प्रश्न विचारायचा नाही. उद्या साडूचं तोंड बघायचंय.

११ जून, दुपार, दवाखाना
डाव्या हाताने लिहितोय.
सकाळी ऑफिसातली मशीन चालू झाली. ती जुनी मशीन उठल्यावर आधी नेटवर्कला विचारतात, हे मला कोण सांगणार? माझ्या सर्व्हरने एकेकाला प्रेमाने पत्ता दिला आणि पुसून काढलं. साडूच्या मशीनमध्ये वर्षाचे सगळे मार्क होते. प्राचार्यांच्यात त्याच मार्कांची कॉपी. तेही पुसलं. काम तांत्रिकदृष्ट्या निर्दोष.
साडू जिना उतरला तो कीबोर्ड घेऊनच. "घे आपोआप!" म्हणाला आणि हाणला. बटणं उडाली. मी चर्चेची तयारी दाखवली, म्हणजे त्याचा कान चावला. दोघं सर्व्हरवर कोसळलो, सर्व्हर माझ्या हातावर. प्राचार्य सोडवायला आले. सोडवण्याआधी त्यांनीही मला दोन लगावल्या.
डॉक्टरने विचारलं, कोणी मारलं? पोलिसांना कळवावं लागेल. साडू शेजारच्या बाकावर कानाला कापूस धरून बसला होता. चेहरा पांढराफटक. त्याची नोकरी माझ्या जिभेवर. दाराबाहेर दोघी बहिणी एकमेकींना धरून रडत होत्या.
म्हटलं, सर्व्हर अंगावर पडला. साडू मान खाली घालून म्हणाला, हो, आणि याला वाचवताना माझा कान अडकला. डॉक्टरने कानावरचे दातांचे ठसे नीट बघितले. मग कागदावर लिहिलं: अपघात.

१५ जून, शनिवार
साडू घरी आला. मास्तरांकडच्या उत्तरपत्रिका काढून मार्क परत भरताहेत. गुरुवारची परीक्षा मात्र लॅबमध्ये व्यवस्थित पार पडली, म्हणाला.
मी ताडकन उठून बसलो. म्हणजे सर्व्हर चालला!
म्हणाला, सर्व्हर भंगारात गेला. दुकानदाराला फोन केला. नवी मशीन त्याने सगळं टाकूनच पाठवली होती. नेटवर्कची वायर काढली की ती सर्व्हर शोधत बसत नाहीत. बटण दाबायचं, एवढंच.
त्याला मारायला उजवा हात उचलला. प्लास्टर फार जड. साडूने तो अलगद धरून उशीवर ठेवला आणि विचारलं, जास्त दुखतंय का रे?
हो म्हणालो.