ईश्वरी याच शाळेत शिकेल

लोणावळा

सौ. नंदाबाई हिस रखमाजीचा आशीर्वाद.

आम्ही आजोबा-नात येथे खुशाल आहोत. सूनबाई सारिकाने हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवावे.

वर्गात बाई गळ्यात लहान माईक घालतात. त्यांचे बोलणे थेट ईश्वरीच्या कानातील मशीनमध्ये पोहोचते. सोमवारी मधल्या सुट्टीत बाई तो चालूच ठेवून मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी डबा घेऊन फाटकाशी पोहोचलो, तो पोर रडत आली. "आबा, बाई सरांना म्हनत्यात, मला फुडल्या वर्षी हितं ठिवायचं न्हाई."

मी तडक आत गेलो व जाब विचारला.

"तुम्हाला कोणी सांगितले?" सर म्हणाले.

"बाईंनीच. माईक अजून चालू आहे."

बाईंचा हात गळ्याकडे गेला. मी म्हणालो, "राहू द्या. माझे उत्तरही तिला ऐकू द्या. ईश्वरी याच शाळेत शिकेल!"

बाहेर पोर डोळे पुसत हसत होती. "आबा, केवढ्यानं वरडता! कान दुखलं की."

सरांनी अद्याप होकार दिलेला नाही. तरी आपल्या मुलाने, सत्यमने, ईश्वरीच्या शाळेसाठी घेतलेली येथील भाड्याची खोली सोडून गावी परत येण्याविषयी मला पुन्हा सांगू नये. तुझा गुडघा कसा आहे? खरे कळवावे.

रखमाजी