‘मर्यादित’ या शब्दाचा मी दिलेला अर्थ

मी, राजेश्वरी दत्तोबा काळोखे, वय ७१, निवृत्त प्राध्यापिका, राहणार कान्हे, तालुका मावळ, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना (दबाव आणायला घरात दुसरे माणूसच नाही) माझ्यामागे कशाचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. एकतीस वर्षे मी पुण्यात कंपनी कायदा शिकवला. माझी पुस्तके महाविद्यालयाने न्यावीत. ‘आर्थिक संकटे आणि संचालकांची जबाबदारी’ या माझ्या ग्रंथाच्या चौदा प्रती पलंगाखाली आहेत. त्या कोणाला द्याव्यात, असे एकही नाव सुचले नाही. वाण्याला द्या, पुड्यांना कागद बरा आहे.

२. धाकटा भाऊ गोरख यास काही देत नाही. तो गावच्या पतसंस्थेचा संचालक होता. संस्था बुडण्याआधी त्याने स्वतःची ठेव काढली आणि लोणावळ्याचा बंगला बायकोच्या नावे केला. दिवाळीला तो फोन करतो. मी उचलते, कारण दुसऱ्या कोणाचा येत नाही.

३. राहते घर, जे माझे स्वकष्टार्जित आहे, ते परसासह हिरी कोंडू हिला द्यावे. ती वरच्या ठाकरवाडीची. बारा वर्षे तिने माझा स्वयंपाक केला. माझ्याशी रोज बोलणारे एवढे एकच माणूस होते.

कारण नोंदवते. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे हिरीच्या हाती आले, तेव्हा पतसंस्थेची पाटी पाहून तिने विचारले, “बाई, नावाच्या शेवटाला मर्यादित लिवलंय. म्हंजी मर्यादेनं वागनारी मानसं ना?”

मर्यादित म्हणजे सभासदांची जबाबदारी त्यांनी घेतलेल्या भागापुरती, म्हणजे शेअरपुरती. त्यापलीकडे त्यांच्या अंगाला तोशीस नाही. हे मी हजारो मुलांना समजावले आहे. त्याच आठवड्यात गोरखने दाखवलेला ताळेबंदही मी वाचला होता. कर्जे संचालकांच्याच घरात गेली होती. गोरख म्हणाला होता, “ताई, तू बोललीस तर उद्या दारात रांग लागंल आन् संस्था आजच बुडंल.” अफवेने धडधाकट बँकही बसते, हे माझेच शिकवणे. मी हिरीला म्हणाले, “हो, तसंच.”

आठ महिन्यांनी संस्थेला कुलूप लागले. मी त्यावर शोधनिबंध लिहिला, त्याची परदेशात वाहवा झाली. हिरी त्यात तळटीप एक्केचाळीसमध्ये आहे, ‘एक ठेवीदार महिला’ म्हणून. तिने भांडण केले नाही. कुलूप लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आली नाही, एवढेच. पाच वर्षे झाली. मला तिची फार आठवण येते. भाकरीची नव्हे, तिची.

४. वरील मसुदा मी हिरीची सून निर्मला हिला बोलावून वाचून दाखवला आणि तिच्याकरवी निरोप धाडला. चार दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. ते जसेच्या तसे लिहिते.

“आय म्हंती, घराचं मागनं बघू. बाईस्नी म्हाईत व्हतं, ह्ये त्या मेल्यावर कळून काय उपेग? वाडीतली समदी मलाच येडी म्हंत्यात. माझ्या नादानं आनिक सात घरांनी पैकं ठिवलं व्हतं. त्येंच्याम्होरं सांगा.”

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. मी आयुष्यभर कायद्याने वागले, पण इथे हिरीचे बरोबर आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी स्वतः उभी राहून कलम ३ मोठ्याने वाचीन. ती सात घरे काय बोलतील ते ऐकून घेईन.

हिरी येईल का, असे मी निर्मलाला विचारले. ती म्हणाली, “न्हाई बाई. आय म्हंती, मला म्हाईत हाय त्ये. मी कशाला येऊ?”

तिच्याशिवायच वाचावे लागेल.

सही: राजेश्वरी दत्तोबा काळोखे

आम्हा दोघांदेखत सही झाली, आणि आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. कैलास शेलार, पोस्टमन
२. डॉ. अनिता गराडे

कान्हे, दि. २२ सप्टेंबर २०२४