टरफलं आणि आतलं

काशी,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. मालविका,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या अजून एका दमात उतरते, चढताना थांबते. इकडे थंडी पडू लागली आहे.

तू पुण्याला जाताना माझ्याकडे सोपवलेल्या आयसोपॉडच्या, म्हणजे त्या ओल्या मातीतल्या किड्यांच्या डब्याविषयी लिहायचं आहे. चार महिने मी फोनवर 'मजेत आहेत' सांगत होते. ते खरं नव्हतं. तुझे मोठे किडे एकेक करून गेले. आधी चालणं मंदावलं, मग बोट लावलं तरी अंगाची गोळी करेनात.

मला वाटलं, माझ्यामुळेच. आठवड्याला अंड्याच्या टरफलांची पूड घाल, असं तू झाकणावर लिहून ठेवलं होतंस. माझ्या घरात अंडं कुठून येणार? मी पानाचा चुना घातला. त्यांनी तोंड लावलं नाही.

शेवटी शेजारच्या हिमानीला डबा दाखवला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. म्हणाली, "चाची, ये बूढ़े होकर मरे हैं. तीन साल बहुत होते हैं. लेकिन चूना पान में ही रहने दीजिए." मग तिने डब्यातली झाडाची ओली साल उलटली. खाली कणीहून बारीक, पांढरी पिल्लं. मोजता येईनात.

पिल्लांना टरफल हवंच. मी स्वतः दिनानाथच्या अंड्यांच्या गाडीवर गेले.

"माताजी, आप?"

"कीड़ों के लिए."

"सब यही कहते हैं."

टरफलं उकळली, वाळवली, कुटली. कशात, ते विचारू नकोस. आतलं गल्लीतल्या मांजरीला घातलं.

तुझी कावीळ उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तू अंडं खात होतीस आणि मी तुझं ताट उचलून जिन्यात ठेवलं. आठवड्याने तू गेलीस. आपण दोघी म्हणतो, नोकरीसाठी गेलीस. मी चुकले.

तुझा फोन येतो तो किड्यांची चौकशी करायला. किडे संपले तर फोनही संपेल, म्हणून खोटं बोलले. आता पिल्लं दिसल्यावर खरं लिहिते आहे, यात मोठेपणा नाही, हे मला कळतं.

डिसेंबरात ये. 'पिल्लं पाहायला' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. मला भेटायला ये. टरफलं आता लागतच राहणार. आतलं खायला घरात माणूस हवं.

तुझी वाट पाहणारी,
शरदिनीआत्या